तिकडचा निकाल

साळवे सरांनी एकदा दुसऱ्या जिल्ह्याचं पाणी आणलं होतं. पिण्याचं. दोन कॅन भरून, एस.टी.च्या मागच्या सीटखाली दडवून, कंडक्टरशी भांडून. सकाळी मी ब्रश तोंडात धरून दार उघडलं तर सर समोर उभे. पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि चेहऱ्यावर लग्न जमवून आलेल्या माणसासारखा आनंद.

"गजाननराव, हे जल्दी तुमच्या लॅबमधी न्या. याच्यात काय हाय ते मला पाहिजे."

मी जालना एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये काम करतो. परतूरहून रोज गाडीनं जातो-येतो. आमच्या लॅबमध्ये कापसाचं, मक्याचं बी उगवतं की नाही एवढंच पाहतात. पाण्याशी आमचा संबंध बी भिजवण्यापुरता. हे सगळं मी ब्रश बाजूला काढून सरांना समजावून सांगितलं.

"बराबर," सर म्हणाले. "मंग भिजवून पाहा."

हे पाणी ज्या जिल्ह्याचं होतं, त्याचं नाव सरांच्या घरात घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसं. 'तिकडं' म्हणायचं. तिकडचा निकाल, तिकडची पोरं, तिकडचे मास्तर. दहावीचा निकाल लागो, बारावीचा लागो, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा लागो, पेपरात वरच्या रांगेत फोटो असायचे ते तिकडच्या पोरांचे. आपल्याकडचं एखादं पोरगं कधीतरी, चुकून ग्रुप फोटोत शिरल्यासारखं. असं का होतं, हा सरांच्या आयुष्याचा प्रश्न होता. त्यांना पगार गणित शिकवण्याचा मिळायचा, पण नोकरी ते या प्रश्नाची करायचे. मीही इथं त्या जिल्ह्याचं नाव घेत नाही. उगाच त्यांचा आणखी एक फ्लेक्स लागायचा.

आता खरं सांगायचं तर मी त्या पाण्यात मका भिजवला. मॅनेजरची नजर चुकवून. आपल्या पाण्यात जेवढा उगवला तेवढाच त्यातही उगवला. मी संध्याकाळी सरांना तसं सांगितलं. मला वाटलं, विषय संपला.

सरांनी उरलेला कॅन हलवून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे मक्याला फरक पडत न्हाई. पोरं काय मका हायेत का?"

उरलेलं पाणी त्यांनी उकळून, गाळून आठवीच्या अर्ध्या वर्गाला पाजलं. अर्ध्या वर्गाला आपलं नगरपालिकेचं. आठवड्याअखेर चाचणी घेतली तर नगरपालिकेचा वर्ग पुढं. कारण उघड होतं. तिकडचं पाणी संपलं पाहिजे म्हणून सर पोरांना एकामागून एक ग्लास देत होते आणि ती पोरं निम्मा तास वर्गाबाहेरच्या मुतारीपुढं रांगेत उभी होती. हेडमास्तरांनी सरांना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण त्या दिवसापासून शाळेत सरांना 'शास्त्रज्ञ' म्हणू लागले. सरांना ते आवडलं. चेष्टा असते ती, हे त्यांना कधी कळायचंच नाही. किंवा कळूनही चालायचं.

साळवे सर आमच्या गल्लीत, माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहतात. उंच, किडकिडीत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू ठेवतात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा पांढरा. कमलवहिनी आरोग्य खात्यात नर्स होत्या, आता रिटायर आहेत आणि सरांच्या खिशांवर साबण घासणं हे त्यांचं पेन्शनीतलं काम आहे. मुलगी एकच, नांदेडला दिलेली, सुखात. तिच्यावर मात्र सरांनी कधी कुठला प्रयोग केला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरच्या माणसावर प्रयोग करू नये. निकाल फुगतो."

सरांचं एक ठरलेलं वाक्य आहे. तुम्ही काहीही सांगा, ते आधी म्हणतात, "बराबर." तुम्हाला बरं वाटतं. मग ते म्हणतात, "पण का?" आणि तुमचं बरं वाटणं तिथंच संपतं.

यानं भल्याभल्यांना घाम फुटला आहे. आमच्या गल्लीतले एक म्हातारबा गेले. सर भेटायला गेले. मुलगा रडत रडत म्हणाला, "सर, अटॅक आला हो." सर म्हणाले, "बराबर. पण का?" तो मुलगा रडायचा थांबला आणि खरंच विचार करू लागला. वहिनींनी सरांना दंडाला धरून बाहेर आणलं. घरी वहिनींचं आणि त्यांचं रोज काहीतरी चालू असतं. एकदा मी तिथं असताना वहिनी म्हणाल्या, "आज भाजी खारट झाली, सांभाळून घ्या."

"बराबर. पण का?"

"मीठ जास्त पडलं."

"पण का पडलं?"

"कारण तुम्ही मघापासून ओट्यापाशी उभं राहून माझं डोकं खाऊन राह्यले."

सरांनी मान डोलावली. "हे कारण पटतं," म्हणाले आणि तीच भाजी दोनदा घेतली.

पाण्यानंतर सरांनी झोपेचा सिद्धांत धरला. तिकडची पोरं लवकर उठत असतील, किंवा उशिरा झोपत असतील, किंवा दोन्ही. पण हे समजावं कसं? तेवढ्यात माझ्या चुलत भावाचं लग्न निघालं आणि मुलगी नेमकी तिकडची निघाली. माझ्या घरात कुणी खुश झालं नसेल एवढे साळवे सर खुश झाले. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडं धावले आणि सर नवरीच्या मामाला शोधत फिरू लागले. मामा फेट्यातले, मानपानातले, मोठे माणूस. सरांनी त्यांना मांडवाच्या खांबाशी गाठलं.

"नमस्कार. तुमच्याकडं पोरं किती वाजता झोपतेत?"

मामांना वाटलं, जानोशाची, म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामाची विचारपूस चालली आहे. "झोपायची सोय छान आहे हो. गाद्या भरपूर आहेत."

"न्हाई न्हाई. एरवी. घरी. परीक्षेच्या दिवसांत."

मामांनी सरांकडं नीट पाहिलं. "माझ्या घरी पोरं न्हाईत. दोन म्हशी आहेत."

"अन् त्या किती वाजता..." सर सवयीनं बोलून गेले. मी मध्ये पडलो म्हणून, नाहीतर त्या दिवशी वरात निघायची ती पोलीस ठाण्यावर निघाली असती. तरी जेवताना सरांनी तिकडच्या एका आजीबाईंना गाठलंच. त्यांनी मात्र मोकळेपणानं सांगितलं, "आमच्याकडं पोरं मोबाईल पाहत पाहत झोपतेत, मास्तर. तुमच्याकडं?"

"आमच्याकडंबी," सर म्हणाले. आणि झोपेचा सिद्धांत बासुंदीच्या वाटीत बुडाला.

त्यानंतर वाऱ्याची दिशा झाली, बाकांची उंची झाली, सकाळची न्याहारी झाली. एक पूर्ण वर्ष सर दहावीच्या पोरांना भिजवलेले शेंगदाणे वाटत होते. निकाल तोच लागला. पोरं तेवढी गुटगुटीत झाली.

सगळ्यात मजा झाली ती तालुक्याच्या शिक्षकांच्या बैठकीत; मला ती सरांच्या शाळेतल्या मास्तरांकडून कळली. आपल्या भागाचा निकाल वाढवायचा कसा, यावर ती बैठक होती. एक साहेब आले होते. त्यांनी तासभर भाषण केलं आणि शेवटी जाहीर केलं, "आपण आता त्यांचा पॅटर्न आपल्याकडं राबवायचा."

टाळ्या पडल्या. सर उभे राहिले. सरांच्या शाळेच्या रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"साहेब, पॅटर्न म्हणजे नेमकं काय?"

"पॅटर्न म्हणजे... त्यांची पद्धत."

"बराबर. पण पद्धत म्हणजे काय?"

"म्हणजे ते जसं करतात तसं."

"ते कसं करतेत?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "तेच तर आपल्याला शोधायचंय, सर. छान मुद्दा मांडलात. तुम्हीच याचा अभ्यास करा आणि पुढच्या बैठकीत सांगा."

ज्याला अख्खं आयुष्य कुणी काही विचारलं नाही, त्याला असं सरकारी आवाजात काम सांगितल्यावर काय होतं, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. सर गल्लीतून घरी चालत आले नाहीत, मिरवत आले. वहिनींना म्हणाले, "आता हे ऑफिशियल हाय." वहिनी म्हणाल्या, "मंग आता तरी पाण्याचे कॅन ऑफिशियल गाडीत आणा."

त्याच वर्षी माझी ऋतुजा दहावी झाली. पाचवीपासून साळवे सरांच्या हाताखालची. गणितात पैकीच्या पैकी मिळाले. गल्लीत पेढे वाटले, आणि पेढे संपायच्या आत घरात प्रश्न उभा राहिला, तो आमच्याकडं प्रत्येक हुशार पोराच्या घरात उभा राहतो. पाठवायचं का तिकडं? माझ्या बायकोचं, मनीषाचं, ठरलेलंच होतं. तिच्या माहेरची दोन पोरं तिकडून डॉक्टर होऊन आली होती. मला पोरगी पंधराव्या वर्षी घराबाहेर जावी असं वाटत नव्हतं, पण तसं म्हटलं तर उद्या तीच म्हणेल, पप्पा, तुमच्यामुळं राहिलं. ऋतुजा आरशासमोर उभं राहून वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची.

मी सरांना विचारायला गेलो. सर म्हणाले, "जाऊन पाहू. मला तसंबी ऑफिशियल काम हायच."

अशी आमची स्वारी निघाली. मी, ऋतुजा आणि साळवे सर. मनीषाला सुट्टी मिळाली नाही. पहाटेची एस.टी. होती. वाटेत सरांनी खिडकीतून एकही शेत सुटू दिलं नाही. "माती आपल्यासारखीच काळी हाय," असं ते दर थोड्या वेळानं सांगत राहिले आणि पुढच्या सीटवरचा एक माणूस दर वेळी मागं वळून मातीकडं पाहत राहिला.

तिकडं पोहोचलो. ज्या क्लासची सगळ्यात जास्त चर्चा होती, तिथं गेलो. काचेचं दार, गार हवा, स्वागतकक्षात बसलेल्या मुलीच्या मागं भलीमोठी भिंत आणि भिंतीवर छतापर्यंत पोरापोरींचे फोटो. प्रत्येक फोटोखाली नाव, गुण आणि क्लासच्या शहराचं नाव. संचालक साहेब स्वतः भेटायला आले. तरुण, गोड बोलणारे. त्यांनी ऋतुजाचे मार्क पाहिले आणि लगेच तिच्याशी 'डॉक्टर' म्हणून बोलू लागले.

सरांनी खिशातला खडू उगाच चाचपला. "एक विचारू का? तुमच्याकडंच एवढी पोरं वर का येतेत?"

"शिस्त, मेहनत आणि वातावरण," साहेब एका दमात म्हणाले. रोज म्हणत असावेत.

"वातावरण म्हणजे? ऊन तर आमच्याइतकंच हाय."

"म्हणजे अभ्यासाचं वातावरण हो, सर."

"बराबर. पण..." सरांचं वाक्य अर्धंच राहिलं. ते भिंतीकडं पाहत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि भिंतीजवळ गेले. एका फोटोवर बोट ठेवलं. "हा किरण हाय. वडीगोद्रीचा. आमच्या शाळेत होता. ह्याच्या बापाचं रोडवर पंक्चरचं दुकान हाय."

"असेल," संचालक साहेब म्हणाले.

"ही बी आमचीच. हिला अपूर्णांक येत नव्हते, आठवीपर्यंत रडायची." सर एक पाऊल सरकले. "हा सेलूकडचा, ह्याचा भाऊ माझ्याकडं होता. ही अंबडची. हे आडनाव तर घनसावंगीकडचं हाय." असं करत करत ते भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले आणि वळून अगदी साधेपणानं विचारलं, "साहेब, तुमच्या शहरातली कुठली?"

संचालक साहेबांनी भिंतीवर नजर फिरवली. वरून खाली, मग खालून वर. "आहेत ना. हा एक."

"हा कोण?"

"हा माझा पुतण्या."

स्वागतकक्षातली मुलगी खाली वाकून काहीतरी शोधू लागली. मला हसू आलं, पण सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अन् तुम्ही कुणालाबी घेता का?"

"नाही नाही. आमची प्रवेश परीक्षा असते. वरची मुलं आम्ही घेतो."

"अन् खालची?"

"त्यांच्यासाठी दुसरे क्लास आहेत, सर."

सर माझ्याकडं वळले. आवाज अगदी हळू. "गजाननराव, तुम्ही बी पाकिटात भरायच्या आधी काय करता?"

"चाळतो, सर. बारीक, फुटकं बाजूला काढतो."

"अन् मंग पाकिटावर लिहिता, शंभर टक्के उगवणार."

एवढी वर्षं जे कोडं पाण्यात, झोपेत आणि शेंगदाण्यात शोधलं, ते एका भिंतीपुढं सुटलं होतं. मला वाटलं, आता सर टाळी मागतील. परतूरला जाऊन पेढे वाटतील. साहेबांच्या बैठकीत छाती पुढं काढून सांगतील की तिकडचा निकाल तिकडचा नाहीच, आपला आहे. पण सरांनी फक्त चष्मा खिशात ठेवला आणि "चला, पोरीला भूक लागली असेल," म्हणाले.

ऋतुजाची प्रवेश परीक्षा दुपारी होती. आम्ही जेवायला बाहेर पडलो. क्लासच्या मागं गल्ल्याच गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीत खानावळी आणि खोल्या. नुकताच कुठल्यातरी बॅचचा तास सुटला होता. पाठीवर सॅक लावलेली पोरं-पोरी रांगेनं खानावळीत शिरत होती. एवढी तरुण पोरं आणि आवाज अगदी कमी. कुणी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवत होतं.

"सर?"

मागं एक मुलगी उभी होती. तिनं आधी केस नीट केले, मग ओढणी, मग पुन्हा हाक मारली, "साळवे सर, तुम्ही इथं?"

"शीतल!" सर म्हणाले. गेल्या वर्षी शाळेत पहिली आलेली शीतल. आमच्या गावात तिचा सत्कार झाला होता, मी पण गेलो होतो. आता ती बारीक झाली होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"ऑफिशियल कामानं आलोय," सर म्हणाले. "काय, कसं चालू हाय?"

"चांगलं चालू आहे, सर." ती हसली. मग ऋतुजाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पायातल्या चपलेनं जमीन खरवडत म्हणाली, "मी सी बॅचला आहे, सर. घरी ए सांगितलंय. तुम्ही सांगू नका."

मला वाटलं, आता सर विचारतील. किती वाजता उठतेस, काय खातेस, कुठं बसतेस. वीस वर्षं ज्या माणसाला तिकडच्या पोराला विचारायचं होतं, त्याच्यासमोर ते पोरगं आपणहून येऊन उभं होतं.

सर म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही."

"मंग चल. आम्हालाबी जेवायचंय."

चौघं एका बाकड्यावर बसलो. शीतलनं ताटात पोळी घेतली आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी तिला रडू फुटलं. तसं मोठ्यानं नाही. खानावळीतलं कुणी वळूनही पाहिलं नाही, त्यांना सवय असावी. ऋतुजा घाबरून माझ्याकडं पाहू लागली. सरांनी आपल्या ताटातला भात तिच्या ताटात सरकवला, वरणाची वाटी तिच्याकडं ढकलली आणि ती जेवेपर्यंत तिच्याकडं न पाहता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत बसून राहिले. तिनं ताट संपवलं. तोंड धुऊन आली. म्हणाली, "सर, वर्गात तुम्ही मला सारखं उठवायचे, तेव्हा राग यायचा. इथं कुणी उठवतच न्हाई. इथं मला कुणी नावानं ओळखत न्हाई, बॅचनं ओळखतेत."

"मी ओळखतो की," सर म्हणाले. "शीतल बाबुराव. त्रिकोणमिती कच्ची, पण अक्षर मोत्यासारखं."

ती हसली, या वेळी खरी. मग घड्याळ पाहून पळाली. तिचा तास होता.

परतीच्या गाडीत सरांनी मातीकडं पाहिलं नाही. अर्ध्या वाटेवर मी धीर करून विचारलं, "सर, पाठवू का हिला?"

"मला विचारू नका, गजाननराव."

"तुम्हाला न्हाई तर कुणाला विचारू?"

सरांनी पुढच्या सीटवर झोपलेल्या ऋतुजाकडं मान केली. "तिला. पोरगी हुशार हाय. तिकडं गेली तर काही बिघडनार न्हाई तिचं, अन् इथं राह्यली तरीबी न्हाई. एवढंच मला कळलंय. जास्त कळलं असतं तर सांगितलं असतं."

ऋतुजाला विचारलं. ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला जायचंय, पप्पा. पण शीतलदीदीच्या होस्टेलला ठेवा." तिला बी बॅच मिळाली होती. घरी तिनं बीच सांगितलं. मनीषानं बॅगेत एवढ्या वस्तू भरल्या की बॅग उचलायला रिक्षावाल्याला बोलवावं लागलं.

पुढच्या बैठकीला सरांनी आपला अभ्यास सांगितला. उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तिकडचा निकाल चांगला लागतो कारण आपली चांगली पोरं तिकडं जातेत. आपली, शेजारच्यांची, सगळ्यांचीच. बाकी पाणी, माती, ऊन सारखंच हाय."

साहेबांनी विचार केला. "सर, हे बरोबर असेल. पण हे वर कसं कळवायचं?"

"जसं हाय तसं."

"म्हणजे आपण आपली मुलं जाऊच द्यायची नाहीत का?"

"अडवणारा मी कोन? त्यांना पुढं जायचंय."

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. "मग असं करू," ते म्हणाले, "आपण त्यांचा पॅटर्न राबवू." टाळ्या पडल्या. सर खाली बसले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

त्यानंतर सरांनी एकही सिद्धांत काढला नाही. शाळेत सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. हेडमास्तरांनी तर एकदा स्वतःहून विचारलं, "काय शास्त्रज्ञ, सध्या काय चालू आहे?" सर म्हणाले, "निरीक्षण." आणि खरंच, दर महिन्यातल्या एका रविवारी ते पहाटेच्या एस.टी.त बसलेले दिसू लागले. हातात मोठी कापडी पिशवी. कुणी विचारलं तर तेच उत्तर: निरीक्षणाला चाललोय.

एकदा अशाच रविवारी मी वहिनींकडं गेलो होतो. ओट्यावर पीठ सांडलेलं, सगळ्या घरात धपाट्यांचा वास. वहिनी दमून बसल्या होत्या.

"एवढी धपाटी कशाला, वहिनी?"

"निरीक्षणाला," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सगळे त्यांना हसता. मीबी हसते. पण दरवर्षी मे महिना आला की हा माणूस गप्प होतो. सहा वर्षं ज्यांच्या मागं ओरडतो, ती पोरं एका आठवड्यात निघून जातेत. पुढं डॉक्टर झाली की पेढे घेऊन क्लासवाल्याकडं जातेत. यांच्याकडं कोन येतं? त्यांची काही तक्रार न्हाई हो. फक्त मे महिन्यात संध्याकाळी शाळेचं मैदान पाहून येतेत. म्हणतेत, गवत किती वाढलं ते पाहायला गेल्तो."

मी एक धपाटं खाल्लं.

त्याच दिवशी संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. नेहमी दोन मिनिटं बोलून ठेवते, त्या दिवशी थांबेचना.

"पप्पा, सर आल्ते. शीतलदीदी, मी, वडीगोद्रीचे दोघं, आपल्याकडची सगळीच. होस्टेलच्या अंगणात बसवलं आम्हाला. धपाटे, ठेचा, दही. सरांनी सांगितलं, अभ्यासाचं कुणी बोलायचं न्हाई. मग शीतलदीदीनं सरांची नक्कल करून दाखवली, सरांसमोरच. सर इतके हसले पप्पा, की चष्मा पडला."

"बरं झालं. पण तुमच्या होस्टेलात तर फक्त पालकांना सोडतेत ना? मला मागच्या खेपेला आधार कार्ड दाखवावं लागलं."

"हो, गेटवरच्या काकांनी अडवलंच होतं. विचारलं, तुम्ही कुणाचे पालक? आम्ही सगळे जाळीतून पाहत होतो. सरांनी आमच्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं अन् म्हणाले, मी दहावीच्या वर्गाचा."

"मग?"

"मग काय, काकांनी जाळी उघडली अन् आतून एक खुर्ची आणून दिली. पण सर खुर्चीवर बसलेच न्हाईत, पप्पा. आमच्यात खालीच बसले, फरशीवर."